माझ्याच फोनवरून बंद झालेली अंडी

केळापूरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला आमचं गाव. तिथे मी अंगणवाडी चालवत होते, आणि गावातल्या निम्म्या लोकांच्या कागदांवर माझाच मोबाइल नंबर होता. लोकांचे फोन सारखे बंद पडायचे, सिमकार्डं बदलायची. बाईंचा नंबर तेवढा कायमचा. रेशन असो, आधार असो, ‘बाईचा नंबर टाका’ म्हणून मोकळे. मग ओटीपी माझ्याकडे यायचा आणि माणूस त्याच्यामागे धावत यायचा. खिचडी ढवळता ढवळता मी आकडे ओरडून सांगायचे. मेसेज इंग्रजीत असायचा, मी त्यातले आकडे तेवढे बघायचे.

बोंडअळीने कापूस खाल्ला त्या वर्षी मदतीचे अर्ज ऑनलाइन भरायचे निघाले. तालुक्याला ही रांग, आणि सर्व्हर बंद. तेवढ्यात शहरातल्या कुठल्याशा धर्मरक्षण करणाऱ्या संस्थेचे दोन तरुण लॅपटॉप घेऊन आले आणि मारुतीच्या पारावर बसून अर्ज फुकट भरून देऊ लागले. बोलायला गोड. पाण्याचा ग्लासही दोन्ही हातांनी घ्यायचे. गाव त्यांच्यावर खूश होतं. मीही होते, खोटं कशाला बोलू?

फक्त एकेका माणसामागे दोन-दोन ओटीपी यायला लागले. मी वैतागून विचारलं, “दोनदा काहून?”

“एक बोंडअळीचा, एक लेकराइच्या आहाराचा,” आकडा विचारायला आलेली आजी म्हणाली. “लेकराइले चांगला आहार भेटला पायजे का नाई, असं पुसून राह्यले. म्या म्हनलं, भेटला पायजे. नाई कायले म्हनू?”

या आजीची नात माझ्याच अंगणवाडीत होती. साडेतीन वर्षांची, काट्यावर उभी केली की काटा जेमतेम हलायचा. आजोबा माळकरी, घरात अंडं शिजत नसे. पण अंगणवाडीत काय खाल्लं ते आजोबा विचारत नव्हते आणि आजी सांगत नव्हती. आमच्याकडे मिळणाऱ्या त्या अंड्यावर पोर आत्ता कुठे अंग धरू लागली होती. मला वाटलं, आहार आणखी वाढणार. म्हणून दुसरा आकडा मी पहिल्यापेक्षा मोठ्याने सांगितला.

महिन्याभराने पर्यवेक्षिका आल्या. “अंडी बंद. केळी द्या. तुमच्या गावाचीच मागणी आहे,” म्हणाल्या आणि कागद पुढे केला. मुलांना शुद्ध आहार हवा, अंड्यांनी संस्कार बुडतात, अशी ऑनलाइन याचिका, आणि खाली आमच्या गावातली नावं. प्रत्येक नावासमोर नंबर एकच. माझा.

माझं डोकंच फिरलं. ज्यांनी आमचं एक लेकरू कधी काट्यावर तोललं नाही, त्यांनी त्याच्या ताटातलं काय काढायचं ते ठरवावं! आणि त्यांना ते ठरवायला आकडे पुरवले कुणी, तर मी.

म्हटलं, मागे घेऊ. सगळ्या आयांचे अंगठे घेऊन अर्ज केला. कागद चालत नाही, मागणी ऑनलाइन आली तशी ऑनलाइनच मागे घ्या, असं उत्तर मिळालं. ती वेबसाइट उघडली. पानावर बटण एकच, ‘मी समर्थन करतो’. नकार द्यायला जागाच ठेवली नव्हती. शेवटी त्या तरुणांपैकी एकाला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, “ताई, अभिनंदन! तुमचं गाव सगळ्यात पुढे आहे.” मी फोन ठेवला नाही, आपटला.

केळी यायची तेव्हा काळी पडून यायची, पुष्कळदा यायचीच नाहीत. दोन महिन्यांनी वजन केलं तर पोर होती त्याहून खाली आलेली. आजीने काट्याकडे पाहिलं आणि पोरीला उचलून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन आली आणि पदराखालून एक अंडं काढलं. शेजारणीकडून मागून आणलेलं.

“उकडून दे.”

“आजी, इथे आता चालत नाही. माझी नोकरी जाईल.”

“इथं नोको. तुह्या घरी उकड. तुह्याच मोबाइलवरून बंद झालं नं?”

मी अंडं घेतलं. सुट्टी झाल्यावर अंगणवाडीला कुलूप लावलं, पोरीला कडेवर घेऊन घरी गेले आणि अंडं उकडलं. अंगणवाडीत ती सगळ्यांच्या मधोमध बसून खायची, तोंडभर पिवळं लावून हसायची. माझ्या घरात मात्र तिने अंडं दोन्ही मुठींत धरलं आणि दाराकडे पाठ करून खाल्लं. मग कुणी न सांगता टरफलं वेचून माझ्या हातात आणून दिली.