मोरेश्वरकाकांचा डी ड्राइव्ह

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मोरेश्वरकाकांच्या कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हमध्ये आता भरपूर मोकळी जागा आहे. काकांना जाऊन पाच आठवडे झाले, कॉम्प्युटर ठणठणीत आहे. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा, ‘पद्या, व्हायरस पाहून जा न गा,’ आणि मी ‘येतो, येतो’ म्हणत पोह्यांवर तर्री ओतून घ्यायचो. त्या रविवारीही मोबाइलवर त्यांचं नाव उमटलं. मी उचलला नाही. पुन्हा वाजला तेव्हा उचलला, तर पलीकडे कुसुमकाकू होत्या... काका पहाटे झोपेतच गेले होते.

काका म्हणजे माझ्या बाबांचे दोस्त. दोघेही कोराडीच्या वीज केंद्रात, राख वाहून नेणाऱ्या विभागात, एकाच पाळीत. कॉलनीतल्या एकाच ओळीत आमची घरं. बाबा लवकर गेले. काका निवृत्त होऊन नागपुरात आमच्याच गल्लीत आले, आणि एक दिवस टेबलावर कॉम्प्युटर मांडून त्यांनी जाहीर केलं, ‘आपल्या ओळीतले बेचाळीस क्वार्टर लिहून काढतो.’ रोज सकाळी अंघोळ करून, एका बोटानं, मान मोडेस्तोवर ते टाइप करत. प्रत्येक क्वार्टरची वेगळी फाइल. कोणाकडे कोण राहायचं, कोण कोणाशी भांडायचं आणि संध्याकाळी त्यांच्याकडेच साखर मागायला जायचं. अंगणातल्या लिंबाच्या पानांवर राख बसते म्हणून चौदा नंबरच्या मावशी एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायच्या, हेही त्यात होतं. हे मला ठाऊक आहे, कारण तेवढंच त्यांनी मला वाचून दाखवलं होतं. बेचाळीसही घरं झाली तेव्हा त्यांनी मला बोलावलं. सी ड्राइव्ह काठोकाठ भरून लाल झाला होता. ‘एकतीस नंबर तुमचा हाये. तुह्या बाबाचं लिहिलं. वाचतं का?’ मी खुर्ची पुढे ओढून ऐटीत म्हणालो, ‘काका, आधी ऑपरेशन, मग वाचन!’

ऑपरेशन साधं होतं. काकांचे सगळे फोल्डर सीवरून डीवर हलवायचे, मग सी पुसून कॉम्प्युटर नव्यानं बसवायचा. असली कामं मी गप्प बसून केली असती तर आज हा लेख लिहावा लागला नसता. पण समोर काकांसारखा प्रेक्षक! मी आमच्या भाच्याच्या वरातीतली गोष्ट काढली, घोड्यानं बँडवाल्याची टोपी खाल्ली ती. नुसती सांगितली नाही, घोडा होऊन करून दाखवली. काका डोळे पुसून पुसून हसत होते. तेवढ्यात पडद्यावर प्रश्न आला, जुन्या जागेतल्या फाइली नव्या जागी न्यायच्या का? मी घोड्याच्याच तोऱ्यात मान उडवली आणि ‘नाही’ दाबलं. डीमध्ये फोल्डर दिसला. आत काय आहे, ते उघडून पाहिलं नाही. सी पुसायला घेतला. ते काम चालू असताना काकूंनी पाटोडीचा रस्सा वाढला. मी दोनदा मागून घेतला.

जेवून हात धुऊन आलो, फोल्डर उघडला. रिकामा.

तेव्हा खरं बोलायला एक क्षण होता. काका मागे उभे होते, खांद्यावर टॉवेल. मी वळलो आणि पन्नाशीतल्या माणसाला शोभणार नाही अशा सफाईनं म्हणालो, ‘काका, व्हायरस!’ त्यांनी लगेच विश्वास ठेवला. बर्डीवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दाखवू या म्हणाले. तिथं नेला असता तर कदाचित काही परत मिळालं असतं. पण दुकानदारानं पहिल्या मिनिटात माझं पितळ उघडं पाडलं असतं. म्हणून मी म्हणालो, ‘नका नेऊ, त्यानं आणखी पसरते.’ फाइली चुकीनं गेल्या, काका. पण ‘नका नेऊ’ हे वाक्य मात्र मी समजून उमजून बोललो.

काका हरले नाहीत, हीच माझी शिक्षा. त्यांनी लाल पेनानं चिठ्ठी लिहून मॉनिटरवर चिकटवली: ‘सावधान. बाहेरचा पेन ड्राइव्ह लावू नये.’ बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींपुढे व्हायरसवर भाषण दिलं. हात साबणानं धुऊन की-बोर्डला बसू लागले. आणि पहिल्या क्वार्टरपासून पुन्हा लिहायला घेतलं. दुसऱ्यांदा नावं आठवत नव्हती. रविवारचे ते फोन बहुधा त्यासाठीही असावेत. व्हायरसचं निमित्त करून मला जवळ बसवायचं, अन् विचारायचं, बारा नंबरवाल्याच्या पोरीचं नाव काय होतं गा? मी चार रविवारांतून एकदा जायचो. तेव्हाही घोडाच करून दाखवायचो.

परवा काकूंनी बोलावलं. ‘ह्यायनं लिहिलेलं सारं छापून घे. आमच्या पोरीले द्याचं हाये.’ मी त्या खुर्चीवर बसलो. की-बोर्डवर अजून साबणाचा वास होता, निदान मला आला. चिठ्ठी तशीच होती, एक कोपरा सुटलेला. डी ड्राइव्ह उघडला. एकापासून सव्वीसपर्यंत फाइली. सत्तावीस नाही. आमचं घर आणखी पाच घरं पुढे... बाबांबद्दल काकांनी एकदा सगळं लिहिलं होतं, ते वाचायला मला वेळ नव्हता, आणि आता ते सांगणारं कोणी नाही.

‘सव्वीसच काहून?’ काकूंनी विचारलं. ‘पहिले तर पुरे झाले होते न. तो मेला व्हायरस नसता आला तर...’

‘काकू, व्हायरस नव्हताच,’ मी म्हणालो. ‘माझ्या हातून गेलं सारं. अन् मी खोटं बोललो.’

चिठ्ठीचा सुटलेला कोपरा काकूंनी अंगठ्यानं दाबून बसवला. मग माझ्याकडे वळल्या, आणि रागानं की हसू येऊन, मला अजून कळलेलं नाही, ओरडल्या:

‘म्हंजे त्या दिवशी व्हायरसनं माह्या हातची पाटोडी दोनदा मागून खाल्ली काय गा!’