अक्का, नुसतं हो म्हणा

ती सकाळ मला आजही आठवते, आणि आठवली की जीव हलका होतो. तंजावूरच्या सायबर शाखेत मी निरीक्षक होतो. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या एक निवृत्त शिक्षिका फोन घट्ट धरून आल्या. "दिल्लीचा अधिकारी बोलतो, तुमच्यावर वॉरंट आहे," असे तमिळमध्ये कोणी धमकावले होते. घाबरून त्यांनी घरातल्या बहिणीला मराठीत हाक मारली, तसा पलीकडचा तरुण थबकला आणि मराठीतच हळू म्हणाला, "अक्का, पैसे पाठवू नका. नुसतं हो हो म्हणा. मी तंजावूरजवळच्या पापनाशमचा. नोकरी सांगून परदेशात आणलं, पासपोर्ट काढून घेतला."

त्याच्यावरच्या पहारेकऱ्याला तमिळ कळत होते. मराठा राजांच्या काळापासून इथे राहणाऱ्या आम्हा कुटुंबांची घरातली मराठी त्याला कुठून कळणार?

"मग तुम्ही काय केलंत?"

"तमिळमध्ये रडले, आणि मराठीत विचारलं, कोणाचा रे तू? जेवलास काय?"

पुढचा कॉल रेकॉर्ड करा, असे मी त्यांना सांगितले. त्यात त्याने इमारतीची खूण आणि टोळीच्या संगणकाचा पासवर्ड दिला. आमचा तंत्रज्ञ म्हणाला, "सार, आत्ता उघडतो!"

मोह मलाही झाला. पण संगणक दुसऱ्या देशात. तिथे परवानगीशिवाय शिरणे हा गुन्हा, आणि तसा पुरावा न्यायालयात टिकेल याची खात्री नाही. शिवाय टोळीला सुगावा लागला असता, तर मार त्या मुलाने खाल्ला असता. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. कायदा शिकलो म्हणून तर त्या खुर्चीवर बसलो होतो. वरिष्ठांमार्फत माहिती दिल्लीला, तिथून दूतावासाला पाठवली.

अक्का रोज फोन करीत. "तुमचा कागद बैलगाडीनं जातो काय?"

अखेर तिथल्या पोलिसांनी छापा घातला आणि तो मुलगा सुटून परत आला. चौकशीत मान खाली घालून म्हणाला, "सार, मी लोकांना फसवलंय. आत टाका मला." त्याला आरोपी धरायचे की बळी? अक्कांच्या रेकॉर्डिंगमुळे वरिष्ठांना आणि न्यायालयाला त्याच्यावरची जबरदस्ती पटली. तो साक्षीदार झाला. ज्यांना अक्कांसारखे सावध करता आले नाही, त्या फसलेल्या लोकांविषयीही त्याने काही लपवले नाही. त्या जबाबावरूनच नोकरीच्या नावाने मुलांना तिकडे पाठवणारे इथले दलाल सापडले.

जबाब संपला तेव्हा अक्का ठाण्याच्या बाकावर डबा घेऊन बसल्या होत्या. त्याचा आवाज ऐकताच उठल्या. "आता तरी जेव रे."

देशाची सीमा पोलिसांचा हात अडवते, याचा मला पूर्वी राग येई. त्या दुपारी त्याला दहीभात खाताना पाहिले आणि वाटले, पासवर्ड मिळाला त्या दिवशी हात अडला ते बरे झाले.