म्हस्कूआबांचा पाण्यातला कळप

मेंढरं विकली तरी म्हस्कूआबांनी काठी सोडली नव्हती. सुप्याकडच्या माळावर चराई उरली नाही, गुडघेही साथ देईनात, तेव्हा ते आमच्या शेतावर राखणीला आले. शेत इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याला लागून. आम्ही राहायला बारामतीला. यांची एमआयडीसीत नोकरी. रविवारी हे, मी आणि आमची सहा वर्षांची स्वरूपा स्कूटरवरून शेतावर जायचो. आम्ही उतरायच्या आत आबांचा प्रश्न यायचा, "वैनी, शिळी भाकरी आनली का?"

ती लागायची त्यांच्या नव्या कळपाला. घर बांधताना मुरूम काढलेल्या खड्ड्यात पाणी साठलं होतं, आणि धरणावर मासे धरणाऱ्या सोपानने गंमत म्हणून घागरभर चिलापी मासे त्यात आणून सोडले होते. आबा कडेला उभे राहून "हुर्र... हुर्र" करत काठी आपटायचे आणि भाकरी कुस्करायचे. मासे खरंच गोळा व्हायचे. त्यात एक काळा नर होता. तळाशी तोंडाने माती उपसून त्याने ताटाएवढा गोल खळगा केला होता, आणि दुसरा नर जवळ फिरकला की तो अंगावर धावून जायचा. आबा त्याला 'मेंढा' म्हणायचे. एक फिकट रंगाची मादी होती, ती 'भुरी'. मेंढरू ओळखावं तसे ते एकेक मासा ओळखायचे.

"आबा, मासं काय तुमच्या आवाजाला येत न्हाईत. भाकरीला येत्यात," सोपान चिडवायचा.

"मग तू रं कशाला येतोस माझ्याकडं? भाकरीलाच ना?"

यांना मात्र खड्डा बुजवून तिथे ऊस लावायचा होता. आणि खरं सांगायचं तर त्यामागे मीही होते. स्वरूपा त्या पाण्यात पडेल या भीतीने माझा रविवार जायचा. "कडेला नको" हे मी इतक्यांदा म्हणायची, की आबांचं कुत्रंसुद्धा ते ऐकून मागे सरायचं.

शेवटी हे म्हणाले, "आबा, माशांना पिल्लं झाली तर खड्डा ठेवू. नाहीतर दिवाळी झाली की ट्रॅक्टर लावतो."

आबांनी काठी मातीत रोवली. मग म्हणाले, "म्हंजी परत एकदा कळप मोडायचा."

दसरा होऊन गेल्यावरच्या रविवारी ते भाकरी मागायला पुढे आलेच नाहीत. कडेला उकिडवे बसले होते.

"भुरी खात न्हाय. जबडा बघा कसा सुजलाय. तोंडाचा रोग हाय. समद्यास्नी लागंल."

दुखणाईत मेंढरू कळपातून वेगळं करायचं, ही त्यांची जन्माची रीत. त्यांनी खोपटातून वाघर काढली. मेंढरं बसवताना भोवती लावतात ती दोऱ्यांची जाळी. तिचे डोळे मोठे, म्हणून घडीवर घडी घातली, आणि सोपानला पाण्यात उतरवून भुरीला एका कोपऱ्यात कोंडलं. उचलून तिला जनावरांच्या हौदात सोडलं, आणि सोडता सोडता तिने तोंड उघडलं. आतून काहीतरी काळसर सांडलं. मोहरीएवढे डोळे असलेले इवले इवले जीव, आणि सगळे पोहत होते.

"पिल्लं!" मी ओरडले. "आबा, रोग नाही हो! काही मासे पिल्लं तोंडात सांभाळतात, मी कॉलेजात वाचलं होतं. तोंड भरलेलं, म्हणून खात नव्हती."

आबांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. भुरी हौदाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन थरथरत होती. पिल्लं मधोमध भरकटत होती.

"मीच भेदरवली तिला. भेदरलेली मेंढी कोकरू घेत न्हाय कवाकवा. हिनं न्हाय घेतली तर?"

"मग खड्ड्यात सोडली की बाकीची मासं त्यांची न्याहारी करत्याल," सोपान म्हणाला.

"तुजं तोंड त्या मेंढ्याला दे खळगा उपसायला," आबा म्हणाले. मग त्यांनी हौदाच्या एका बाजूला पोतं टाकून सावली केली आणि आम्हा सगळ्यांना लांब लिंबाखाली बसवलं. "कुनी हलायचं न्हाय. मायलेकरांस्नी येकलं सोडायचं."

आम्ही बसलो. हेसुद्धा बसले. चहा झाला. मी सवयीने शेजारी हात नेला, तर स्वरूपा नाही! ती हौदाच्या काठावर पोट टेकून पार आत वाकली होती. मी धावले, मागून आबा धावले. मी तिचा फ्रॉक धरला, आणि त्याच क्षणी तिची सावली पाण्यावर हलली. सगळी पिल्लं एकदम वळली. जिकडे भुरी होती तिकडे झुंडीने सुटली. तिने तोंड उघडलं. पिल्लं आत, तोंड बंद. हौदात दुसरं काहीच उरलं नाही.

"आई, घरात गेली!" स्वरूपा म्हणाली.

आबा मोठ्याने हसले, डोळे पुसले, पुन्हा हसले. सोपानने उगाचच टाळ्या वाजवल्या. यांनी आत वाकून भुरीचा फुगलेला जबडा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "पिल्लं झाली की हो आबा. ट्रॅक्टर आता तिकडं वरच्या तुकड्यात लावू."

भुरीला घमेल्यातून हळूच खड्ड्यात सोडलं. पुढच्या रविवारी आम्ही गेलो, तर खड्ड्याभोवती बाभळीच्या मेखा रोवून आबांनी आपली वाघर ताणून बांधली होती. मी तिला हात लावून पाहिला. पक्की होती.

"मेंढरं गेल्यापासून नुस्ती पडून हुती," आबा म्हणाले. "भुरीचं बरं हाय, लेकरं तोंडात मावत्यात. तुमचं काय मावायचं न्हाय, वैनी. त्याला ही पायजे."

मग त्यांनी हात पुढे केला. "भाकरी?"