पेरू वाळला का?

डॉक्टर मॅडमनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, “पिछली बार गोलियाँ कितने महीने खाईं?”

मी म्हटलं, “दो महीने. फिर अच्छा लगने लगा तो...”

“तो छोड़ दीं.” वाक्य त्यांनीच पुरं केलं. “टीबी वापस आई है. इस बार दोनों तरफ. थुंकीचा, मतलब बलगम का रिपोर्ट भी पॉझिटिव्ह है. आठ महीने दवा चलेगी. इस बार एक दिन भी छोड़ी, तो मेरे पास रोते हुए मत आना.”

थुंकी पॉझिटिव्ह म्हणजे खोकल्यातून जंतू बाहेर पडताहेत, दुसऱ्यालाही लागू शकतात. शेजारी बसलेल्या सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, पर्सचा पट्टा मुठीत आवळला. मी मान खाली घातली. घालणार नाही तर काय करणार? चूक माझीच होती.

थोडं मागचं सांगतो. एकवीस वर्षं मी इंदूरच्या एका कापड मिलच्या रंगाई खात्यात शेड मिळवायचं काम केलं. ग्राहकाचा नमुना एका हातात, आमच्या लॉटचा तुकडा दुसऱ्या हातात, आणि दोन्ही उत्तरेच्या खिडकीत धरायचे. उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही, उजेड दिवसभर एकसारखा राहतो. आमचे मास्टर वर्माजी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “रंग में ‘चलेगा’ नहीं चलता, भिया. या तो मिला, या नहीं मिला.” ते मी इतकं मनावर घेतलं की खात्यात माझं नावच पडलं, नहींमिला साहब. माझ्यापायी रात्रपाळीचे कितीतरी लॉट परत रंगाच्या हौदात गेले असतील. लोक शिव्या घालायचे, पण रंग पास करून घ्यायला माझ्याकडेच यायचे.

मग बाजारात बाहेरचं स्वस्त सिंथेटिक कापड आलं, एकेक खातं थांबत गेलं आणि एक दिवस मिलच्या गेटला कुलूप लागलं. टीव्हीवर रोज नवीन चॅनल सुरू होत होते, शहरात नवीन गाड्या दिसायला लागल्या होत्या, आणि आमचा भोंगा बंद पडला. शेवटच्या दिवशी मी शेड बुक घरी आणलं. जाड पुठ्ठ्याची वही, पानोपानी रंगीत कापडाचे चौकोन, प्रत्येकाच्या मागे नंबर. सगळे नंबर मला तोंडपाठ. कुणी ती वही मागितली नाही, मीही परत केली नाही.

खोकला मिल चालू होती तेव्हापासूनच होता. कुणी विचारलं की मी म्हणायचो, “चलेगा.” पहिल्या खेपेला गोळ्या सोडल्या तेव्हाही हेच म्हटलं होतं. कापडाच्या रंगात केसभर फरक चालवून न घेणारा मी, स्वतःच्या छातीबद्दल मात्र खुशाल चलेगा म्हणत होतो. वा रे नहींमिला साहब!

दुसऱ्या खेपेचं औषध जबरदस्त होतं. पहिले दोन महिने रोज सकाळी दवाखान्यात रांग लावून स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन घ्यायचं. त्याने कानात गुणगुण व्हायची. शिवाय मूठभर गोळ्या. त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते. घाबरू नका, ते रक्त नसतं. मी तर पहिल्या दिवशी बाहेर येऊन सुमनला ओरडून सांगितलं, “अगं, एकशे अठरा नंबर! हुबेहूब!”

“छी! जेवायला बसलेय मी,” ती म्हणाली.

सुदामा नगरात आमचं छोटंसं घर. त्यातली मागची खोली मला दिली. ताटवाटी वेगळी, टॉवेल वेगळा. मॅडमची ताकीद होती की दोन महिने दवाखान्याखेरीज कुठे जायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची, पडून राहायचं. खिडकी उत्तरेची होती. बाहेर पेरूचं झाड आणि कपडे वाळत घालायची दोरी, एवढाच माझा मुलूख.

सुमन शाळेत शिकवायची. तिच्याच पगारावर घर चाललं होतं. ती दमून यायची आणि मी रिकामटेकडा पडल्या पडल्या तिच्या खोड्या काढायचो. वरण पातळ झालंय, पडदा वाकडा लागलाय. एक दिवस म्हटलं, “या साडीवर हा ब्लाउज मिळत नाही.” तिने बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, “अहो, तुमचं आजारपण मी काढीन. तुमचं तोंड नाही सोसू शकत मी. काहीतरी करा बाबा हाताने.”

दुसऱ्या दिवशी तिने मल्हारगंजातून रंगांची पेटी, तीन ब्रश आणि कॅनव्हास चिकटवलेले पुठ्ठे आणले. मी वाटीत पाणी घेतलं, ट्यूबमधला निळा त्यात सोडला आणि ढवळायला लागलो. विरघळेना. पाणी गरम केलं, तरी नाही. चिमूटभर मीठ टाकलं, कारण हौदात आम्ही मीठ टाकायचो. रंग गोळा होऊन तळाशी बसला तो बसलाच. एकवीस वर्षं रंगात हात घातलेला माणूस, आणि एक वाटी निळं पाणी करता येईना. सुमनच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या पाटणकर बाईंना हे कळलं तेव्हा म्हणे त्या स्टाफ रूममध्ये डोळे पुसेपर्यंत हसल्या. दुकानदाराने ऑइल पेंट दिले होते. पाण्याशी त्यांचं वाकडं.

बाईंनी चिठ्ठी पाठवली. टर्पेंटाइन आणि जवसाचं तेल लागेल. टर्पेंटाइनला डॉक्टर मॅडम साफ नाही म्हणाल्या. त्याची वाफ माझ्या फुप्फुसांना नको. राहिलं जवसाचं तेल, आमच्या इंदुरी भाषेत अलसी. सुमनने ते मल्हारगंजातल्या तेलघाण्यावरून बाटलीभर आणलं. दुकानातलं चित्रकलेचं तेल वेगळं असतं, हे आम्हाला कुठे माहीत? घाण्याच्या तेलात कालवलेला रंग वाळायचं नावच घेईना. पंधरा दिवसांनी बोट लावलं तरी बोट निळं. उरलेलं तेल सुमनने चटणीवर घालून संपवलं.

पण मला ते आवडलं. हौदात रंग चढला की चढला, नंतर काही करता येत नाही. इथे काल लावलेला रंग आज हलवता येत होता. घाई कुणालाच नव्हती. मी दोन पेरू काढले, मग बादली, मग दोरीवरचे चिमटे. वाईट काढले, अगदी भिकार. बादलीला पोट आलं होतं. तरी सकाळी जाग आली की मला पहिल्यांदा खोकला नाही, ती बादली आठवायची. कित्येक महिन्यांनी मी खूश होतो. तिसऱ्या महिन्यात थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तेव्हा तर मी मॅडमना बादलीचं चित्र दाखवायलाच घेऊन गेलो. त्या म्हणाल्या, “घड़ा अच्छा बनाया है.”

मग मोठं चित्र घ्यायचं ठरवलं. मिलच्या शेवटच्या लॉटमधलं लाल पॉपलिन सुमनकडे होतं, नंबर दोनशे एकतीस. मीच पास केलेलं. ते दोरीवर टाकायला सांगितलं. मागे हिरवागार पेरू, पुढे लाल कापड. पाचवा महिना चालू होता. वजन वाढत होतं. पेपरातली अक्षरं जरा धुरकट दिसायची, पण वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं म्हणून सोडून दिलं. मॅडम दर खेपेला विचारायच्या, “आँखें ठीक?” मी म्हणायचो, “चलेगा.”

दहा दिवस खपून मी झाड पुरं केलं. सुमन शाळेतून आली, चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “पेरू वाळला का?”

“म्हणजे?”

“सगळी पानं तपकिरी केलीत. आणि कापडही तसंच. उन्हाळा काढलाय का?”

मला वाटलं, थट्टा करतेय. मी भडकलो. रंगातलं तू मला शिकवणार का, इथपर्यंत गेलो. तिने कपाटातून शेड बुक काढलं, खिडकीशी आली, एका चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हा कुठला?”

मी बघितलं. करडा-तपकिरी होता. “तीनशे चाळीस,” मी म्हटलं.

तिने तुकडा उलटून दाखवला. एकशे शहाऐंशी. गर्द हिरवा. तिने दुसऱ्यावर बोट ठेवलं, तिसऱ्यावर ठेवलं. लाल, हिरवा, तपकिरी, मला सगळ्यांचा एकच चिखल दिसत होता. टीबी परत आली म्हणाले तेव्हाही मी असा घाबरलो नव्हतो. मिल गेली, तब्येत गेली, एक नजर तेवढी माझी म्हणून उरली होती, आणि तीच चालली होती.

दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. त्या ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. मला नुसते ठिपके दिसले. इथॅम्ब्युटॉल म्हणून एक गोळी होती, तिच्यामुळे ऑप्टिक न्यूरायटिस झाला होता. म्हणजे डोळ्यामागच्या नसेला सूज. क्वचित कुणाला होते, आणि बहुतेक वेळा लाल-हिरव्यातला फरक आधी जातो. वेळेवर गोळी थांबवली नाही तर नजरच जाऊ शकते.

मॅडमनी ती एक गोळी बंद केली, बाकीच्या चालू ठेवल्या. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. “मैं हर बार पूछती थी, आँखें ठीक? आप क्या कहते थे?”

मी पुटपुटलो, “चलेगा.”

“पेंटिंग ने पकड़ लिया आपको. आपने तो नहीं बताया.”

“रंग लौटेगा, मॅडम?”

“अक्सर लौटता है. किसी का पूरा, किसी का थोड़ा कम. महीने लग सकते हैं.”

मी ब्रश धुऊन ठेवले. चित्र भिंतीकडे तोंड करून उभं केलं. दर रविवारी सकाळी सुमन शेड बुकातल्या बारा चौकोनांवर बोट ठेवायची आणि मी नंबर सांगायचो. पहिल्या रविवारी दोन बरोबर आले. दुसऱ्या रविवारी दोन. तिसऱ्याला तीन. चौथ्या रविवारी सुमन प्रत्येक नंबराला “बरोबर, बरोबर” म्हणत गेली. बाराच्या बारा! मी मनात चरकलो, कारण मी तर अंदाजपंचे सांगत होतो. वही हिसकावली आणि तुकडे उलटले. आठ चूक होते.

“खोटं बोललीस? रंगात?” मी ओरडलो.

“हो, बोलले!” तीही ओरडली. “महिनाभर तुमचं तोंड बघतेय मी. जेवत नाही, बोलत नाही. तुम्ही दर खेपेला डॉक्टरांशी खोटं बोललात ते चाललं, मी एक रविवार बोलले तर काय झालं?” आणि रडायला लागली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. खोकल्याच्या भीतीने मी तिच्यापासून चार हात लांब बसायची सवय लावून घेतली होती. त्या दिवशी जवळ जाऊन बसलो. मी म्हटलं, “यापुढे तू मला खरं सांगायचं आणि मी मॅडमना. ठरलं?” तिने पदराने नाक पुसलं आणि मान हलवली.

पुढच्या रविवारी खरे चार आले. त्यानंतर पाच. एका सकाळी सुमनने पोहे पुढे ठेवले. वर कोथिंबीर आणि डाळिंबाचे दाणे. इतके महिने मला ते दोन्ही चहाच्या चोथ्यासारखे दिसत होते. त्या दिवशी कोथिंबीर कोथिंबिरीच्या जागी होती आणि दाणे दाण्यांच्या. मी एक दाणा बोटात धरून खिडकीशी गेलो. सुमन म्हणाली, “अहो, गार होतायत.” मी दाणा उजेडात फिरवून बघतच राहिलो. गार पोहे मी कधी नव्हे ते मिटक्या मारत खाल्ले.

आठ महिने पुरे झाले. टीबी गेली. मॅडमना मी हात जोडले तर म्हणाल्या, “मुझे नहीं, पत्नी को.” तुमच्यापैकी कुणी याच गोळ्या खात हे वाचत असाल तर दोनच गोष्टी सांगतो. बरं वाटलं म्हणून औषध सोडू नका. आणि डॉक्टरांनी काही विचारलं तर जसं असेल तसं सांगा, आपल्या मनाने पास करू नका. गोळी बंद करायची की नाही ते त्यांना ठरवू द्या.

मग मी भिंतीकडे वळवलेलं चित्र सरळ केलं. तोवर ते एकदाचं वाळलं होतं. तपकिरीवर हिरवा चढवला, पान पान करत. एक फांदी मुद्दाम तशीच वाळलेली ठेवली. शेवटी कापड घेतलं. डोळे जवळजवळ पूर्ववत झाले होते, पण दोनशे एकतीस आणि दोनशे तेहतीस हे दोन लाल मला आजही वेगळे दिसत नाहीत. तेवढं राहिलं ते राहिलं.

चित्र संपलं त्या रविवारी मी सुमनला म्हटलं, “ते पॉपलिन आण आणि चित्राशेजारी खिडकीत धर. बघ, मिळतं का?”

तिने कापड धरलं. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे केली. अगदी आमच्या खात्यातल्यासारखी. बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे वळली. “खरं सांगू?”

“खरंच सांग.”

“नाही मिळत. तुमचा लाल जरा काळपट आलाय.”

मी पुन्हा चित्राकडे बघितलं. मला तर तो फर्स्ट क्लास लाल दिसत होता. खिडकीत पेरू हिरवा होता, सुमन ते कापड हातात धरून माझ्या उत्तराची वाट बघत होती.

“चलेगा,” मी म्हटलं.

ती आधी बघतच राहिली, आणि मग इतकी हसली की कापड तिच्या हातातून खाली पडलं.