आईने सोडलेली मासळी

आमच्या पूर्णगडात मासे न खाणारं माणूस म्हणजे एक तर माळकरी, नाही तर तापाने पडलेलं. माझी आई दोन्ही नव्हती, तरी तिच्या ताटात मी मासा कधी पाहिला नाही. तिला आवडत नसेल, असं धरून मी पन्नाशी गाठली. कधी विचारावंसंही वाटलं नाही. तिच्या वाटणीचा बांगडा मलाच मिळत होता ना.

यंदा ती अंगणात नुसती घसरून बसली आणि डावं मनगट मोडलं. मी रत्नागिरीत नोकरीला, म्हणून तिथल्याच हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे तिला नेलं. वजन भरलं छत्तीस किलो. हाडं झिजलेली, रक्त कमी. काय खाता, असं बाईंनी विचारलं तर पेज आणि लोणचं, कधीमधी कुळथाची पिठी. समुद्राकाठी राहून मासे का नाही, यावर आई खाली बघत म्हणाली, "ह्याच्यासाठी देवीला बोललेय मी. हा बरा होईपर्यंत मासळी सोडलीय."

हा म्हणजे मी. उंची बेताची, वजन एक्क्याण्णव किलो.

मग सगळं बाहेर आलं. मी पोटात असताना माझ्या आजीचा दंडक होता, की पोटुशीने अर्धपोटीच उठावं, नाही तर मूल मोठं होतं आणि बाळंतपण अडतं. मी जन्मलो तो मुठीएवढा. दर पावसाळ्यात छाती भरायची. तेव्हा आईने नवस केला, म्हणजे आधीच अर्धपोटी असलेल्या बाईने होता तो घासही सोडला. काय म्हणावं या शहाणपणाला! मुलगा आता बरा झाला की, असं डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

"कुठे बरा? साखर हाय त्याला," आई म्हणाली. "दोन गोळ्या चालू हायत."

बाईंचं हसू गेलं. पोटात असताना उपाशी राहिलेलं, कमी वजनाचं मूल पुढे भरपूर खाऊ लागलं की साखर त्याला लवकर गाठू शकते, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. माझं डोकं तडकलं. राग आजीचा होता, नवसाचा होता, माझ्या सुटलेल्या पोटाचाही होता, पण हाताशी सापडली आई. परतताना रिक्षात बोलून गेलो, की तेव्हा दोन घास जास्त खाल्ले असतेस तर आज मला गोळ्या गिळाव्या लागल्या नसत्या.

नवस सोडवायचा तर देवीचाच कौल हवा. पुढच्या रविवारी तिला देवळात नेलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, मूर्तीला दोन्ही अंगांना फुलं लावली आणि उजवीकडचं फूल पडलं. देवीने परवानगी दिली. मला इतका आनंद झाला की तसाच जाऊन सुरमई घेऊन आलो. एक हात गळ्यात असताना आईनेच ती तळली, मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. मी एक तुकडी तिच्या ताटात वाढली.

"देवीनं सोडलंन रे," ती म्हणाली. "पण तुझी साखर माझ्यामुळे, हे तूच बोललास. आता माझ्या घशाखाली कशी उतरेल?"

मी म्हटलं, ते रागात होतं. तुझा काय दोष, तुला कोणी पोटभर वाढलंच नव्हतं. शपथ घातली, ओरडलोसुद्धा. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तुकडी उचलून माझ्या ताटात ठेवली आणि पेजेला लोणचं लावून घेतलं.

अन्न टाकायचं नाही, हे तिनेच शिकवलेलं. मी चडफडत तीही तुकडी खाल्ली.