पडद्यावरचा हिरवा रंग

माझं अक्षर पहिल्यापासून वेडंवाकडं. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्यावं. पण हे मला लिहायचंच आहे. आठवलं की अजून अंगात हुरूप येतो.

माझं माहेर तलासरीकडचं, सासर मसोलीचं. लग्नानंतर मी डहाणू रोडला डायच्या कारखान्यात लागले. सोन्याच्या दागिन्यांची नक्षी ज्या लोखंडी ठशावर कोरतात, त्याला आमच्याकडे डाय म्हणतात. कारखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक म्हातारे काका हाताने डाय कोरायचे, आत कोरायचं मशीन आणि दोन कॉम्प्युटर. कागदावरची नक्षी कॉम्प्युटरवर दिसायची, तिच्या प्रत्येक रेघेवरून माऊस फिरवायचा, हे माझं काम. वाचावं लागत नसे. रांगोळीचा हात होता, तो कामी आला. पैसे नगावर मिळत.

२०१७ च्या दिवाळीनंतर लग्नसराईचं काम आलं आणि माझ्या डोळ्यांनी दगा दिला. पडदा पांढराशुभ्र, त्यावर केसासारख्या काळ्या रेघा. दुपारपर्यंत डोळ्यांतून पाणी आणि कपाळात ठणका. शेठकडून उचल घेऊन चष्मा केला. रेघा मोठ्या दिसल्या, झगझगाट तसाच. माझे नग कमी होत गेले. शेठ रागावले नाहीत, पण एकदा म्हणाले, "बेन, नाही जमत तर सांगून टाका. दुसरी बाई बघतो."

"जमेल," मी मान खाली घालून म्हटलं. काम गेलं असतं तर ती उचल फेडणार कुठून? आणि खरं म्हणजे मला ते काम फार आवडायचं.

एके दिवशी पाणी प्यायला बाहेर आले, तर काका नव्या चकचकीत ठोकळ्यावर बोटाने हिरवा रंग चोळत होते. रोजच चोळायचे. त्या दिवशी मी धीर करून विचारलं, "काका, हा रंग कशाला?"

"चमक मारायला, पोरी. लोखंड डोळ्यांत घुसतं. आता बघ रेघ कशी शांत दिसते."

शांत! मी पाणी न पिताच आत पळाले. रंग भरायचं बटण मला माहीत होतं. नक्षीच्या मागे मोठा चौकोन काढला आणि त्यात हिरवा भरला. डोळ्यांवर कोणी ओलं फडकं ठेवावं तसं वाटलं. चहा यायच्या आत अख्खं पदक पूर्ण झालं!

थोड्या वेळाने मशीनवाले भाऊ ओरडले, "अहो वहिनी, पदकाभोवती ही चौकट कसली? नवरीच्या गळ्यात फोटोची फ्रेम घालायची का?"

मशीनने माझा चौकोनही कोरला होता. नशीब, आधी प्लास्टिकच्या तुकड्यावर कोरून बघत. सगळे हसले. मला रडू फुटायच्या बेतात होतं, तेवढ्यात शेजारच्या कॉम्प्युटरवरच्या ताई उठून आल्या.

"अहो, तुम्ही चित्रात रंग भरलात. मशीनला ते चित्रच वाटणार. रंग चित्राला नाही, मागच्या पडद्याला द्यायचा." त्यांनी कॉम्प्युटरवर कुठलीशी रंगांची पाटी उघडली. "कुठला हवा?"

"काकांच्या ठोकळ्यासारखा."

पहिला इतका गडद आला की रेघाच बुडाल्या. "फिका करा, अजून फिका," मी म्हणत राहिले. इतकं मोठ्याने मी तिथे कधी बोलले नव्हते. शेवटी कोवळ्या भातासारखा हिरवा आला. "बस, हाच!"

ताईंनी स्वतःचाही पडदा हिरवा केला. "अगोबाई, माझंही डोकं चढायचं. मला वाटायचं, उपास सोसत नाहीत."

संध्याकाळी शेठ आले. "आ शुं? कॉम्प्युटर आजारी पडले की काय?"

"कॉम्प्युटर बरे आहेत, शेठ," काका बाहेरून म्हणाले. "आजारी ती होती."

मी चौकोन पुसलेलं पदक पडद्यावर दाखवलं. शेठनी ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या हिरवा."

मग काय विचारता! संध्याकाळी डोळे स्वच्छ, हात सुटलेला. कारल्याच्या वेलासारख्या गुंतलेल्या नक्ष्या मी मागून घ्यायला लागले. शनिवारी पगार होताना शेठ उचलीतले थोडे कापून घ्यायचे. पुढे मीच सांगायला लागले, "या वेळी जास्त कापा." होळीच्या आधीच्या शनिवारी त्यांनी पैसे मोजले, थोडे बाजूला काढले आणि बाकीचे माझ्या हातात ठेवले. "बेन, तुमचं पूरं झालं." उचल सगळी फिटली होती.