गुरुवारचा शेवटचा तास

हेदर टॅपस्कॉटच्या घराला दोन दारं होती. पुढचं रस्त्यावर उघडायचं, पण तिकडून क्वचितच कुणी यायचं. मागचं थेट मुलांच्या वसतिगृहाच्या बोळात, आणि त्याला कधी कडी लागत नसे. तिथून मुलं सारखी यायची. कुणाचं बटण तुटलेलं, कुणाचं घरच्या आठवणीनं पोट दुखतंय, कुणाला नुसताच टोस्ट हवाय. हेदरचा नवरा जाइल्स या वसतिगृहाचा हाऊसमास्टर, म्हणजे शाळेचा शिक्षक आणि इथल्या मुलांचा पालकही. घर, साठ मुलगे आणि एक म्हातारा कुत्रा हे सगळं त्याच्या नोकरीबरोबर आलेलं. हेदरसुद्धा त्याच सामानातली, असंच सगळे धरून चालत.

लग्नाआधी ती पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होती. इथं आल्यावर वर्षभरातच शाळेच्या वर्कशॉपचे मास्तर निवृत्त झाले. मुख्याध्यापकांनी एका समारंभात तिच्या हातात ग्लास देत म्हटलं, "तुम्ही घ्या ना अर्धवेळ. नाहीतरी तुम्ही इथंच तर असता!"

नोकरी अर्धी, पण तास सोमवारपासून शनिवारपर्यंत विखुरलेले, अंगणात चिमण्यांना दाणे टाकावेत तसे. आज एक, उद्या दोन. मधल्या वेळात गावात जाऊन यावं एवढीही फट नाही.

शिकवण्याचा तिला कंटाळा होता असं मात्र नाही. लेथच्या फिरत्या यंत्रावर पितळेचा पहिला गुळगुळीत दांडा उतरला की मुलाचा चेहरा कसा उजळतो, हे तिला अजूनही बघावंसं वाटे. "मिस, माझं स्टूल सरळ आहे ना?" कुणी विचारायचं. "स्टूल सरळ आहे रे. जमीनच वाकडी दिसतेय," ती म्हणायची, आणि सगळा वर्ग त्या पोरावर हसायचा. तास संपला की ती भिंतीवरचं लाल बटण दाबायची. सगळी यंत्रं एकदम गप्प. ती पुन्हा सुरू करायची किल्ली तिच्याच खिशात. तेवढीच एक गोष्ट तिच्या हुकमातली.

उन्हाळ्यात शाळेच्या चॅपलचं, प्रार्थनामंदिराचं, मनोऱ्यावरचं घड्याळ बंद पडलं. दुरुस्तीला वॉल्टर ब्रिंडल आला. सत्तरीचा माणूस, अर्धं आयुष्य चर्चच्या मनोऱ्यांतल्या घड्याळांत काढलेला. हेदर त्याला दिवा धरायला म्हणून वर गेली ती संध्याकाळीच उतरली, केसांत कबुतराची पिसं आणि कोपरापर्यंत काळं वंगण घेऊन.

जाताना ब्रिंडल म्हणाला, "माझे गुडघे गेले आता. मनोऱ्यांवर माझ्या जोडीला कामाला येतेस का पोरी? मंगळवार आणि गुरुवार. पण अख्खा दिवस हवा. वर चढलेलं माणूस जेवायला खाली येत नसतं."

"मला विचारावं लागेल."

"विचार की. ऑक्टोबरच्या सुट्टीपर्यंत थांबतो. नंतर पुतण्याला घेईन. तो घड्याळात वेळ बघत नाही, फोनमध्ये बघतो. पण करणार काय!"

सप्टेंबरात नवं वेळापत्रक लागलं. हेदर फळ्यासमोर उभी राहिली. मंगळवार मोकळा! तिनं बोट खाली सरकवलं. गुरुवारी एकच तास. शेवटचा. दुपारी अडीचचा.

वेळापत्रक करायचे ते उपमुख्याध्यापक पेनगेली. ती तशीच त्यांच्या खोलीत गेली.

"हा एक तास बुधवारी दुपारी नाही का टाकता येणार?"

"बुधवारी दुपारी?" पेनगेलींनी चष्मा काढला. "हेदर, बुधवारी रग्बी असते. या देशात राजा बदलेल, बुधवार बदलायचा नाही."

"मग शनिवारी सकाळी."

"शनिवारी वर्कशॉपमध्ये नववीची मुलं असतात. आणि अहो, एका तासाचं काय एवढं? अंगण ओलांडलं की वर्ग." तिचा चेहरा पाहून ते जरा गडबडले. "शिवाय जाइल्सनंच सुचवलं होतं. गुरुवारी चारला नव्या पालकांचा चहा असतो ना तुमच्याकडे. शेवटचा तास असला की तुम्ही आवारातच असाल म्हणाला. मला वाटलं, तुमचं बोलणं झालंय."

बोलणं! ब्रिंडलबद्दल तिनं नवऱ्याला जुलैतच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "वा, छान आहे की," आणि कुत्र्याला फिरवायला गेला होता.

ती घरी आली तेव्हा जाइल्स स्वयंपाकघरात मुलांसाठी ठेवलेला केक कापत होता.

"गुरुवारचा तास तू मागून घेतलास?"

सुरी थांबली. "अगं, मागून कसला! नुसतं सुचवलं. लोक मुलगा इथं ठेवण्याआधी आईसारखं कुणी आहे का, ते बघतात. तू चहा ओततेस तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडतो."

"आणि माझा?"

"तुझं काय? तुला वर्कशॉप आहे की. ब्रिंडलला सांग, घड्याळांची चाकं इथं पाठव. आपल्या लेथवर कर. घरबसल्या होईल."

"मला इथं आणलेलं काही नकोय, जाइल्स. आतापर्यंत सगळं इथंच आलंय. मला तिथं जायचंय."

बोळातून कुणीतरी हाक मारली, "मिस, टोस्ट आहे का?" पोरगा दारात डोकावला आणि पावलं न वाजवता मागे फिरला.

"गुरुवारी तू बस त्या वर्गावर," हेदर म्हणाली. "बदलीचा तास. यंत्रं बंद राहतील, मुलं आराखडे काढतील. तू फक्त त्यांना एकमेकांवर खोडरबर फेकू द्यायचं नाहीस. पेनगेलींना तूच सांग. सुचवायला तुला जमतं."

"मी लॅटिनचा मास्तर! आणि चहा कोण ओतणार?"

"तूच. नाहीतरी तू इथंच तर असतोस."

जाइल्सनं दोन दिवस कुत्र्याला जरा जास्तच फिरवलं. तिसऱ्या दिवशी पेनगेलींकडे गेला. परवानगी मिळाली, ती नाताळपर्यंत. पुढचं पुढं बघू, म्हणाले. हेदरला ते "बघू" चांगलं ओळखीचं होतं. मुलांच्या अर्जांवर तेच लिहिलेलं असायचं.

ऑक्टोबरच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या गुरुवारी ती भल्या सकाळी निघाली, पुढच्या दारानं. दार फुगलं होतं. खांदा लावावा लागला.

शेजारच्या गावातल्या चर्चच्या मनोऱ्याचा जिना इतका अरुंद की हत्यारांची पिशवी पोटाशी धरूनच चढायचं. वरची खोली काळोखी, खिडकी एकही नाही. नुसती दगडी भिंत आणि मधोमध लोखंडी चौकटीतली थांबलेली चाकं.

"इथून आमची शाळा कुठल्या बाजूला?" तिनं विचारलं.

"इथून काही दिसत नाही पोरी," दाराखालच्याच पायरीवर बसून धापा टाकत ब्रिंडल म्हणाला. "कुणाला आपणही दिसत नाही."

"बरंय."

पाना काढायला तिनं खिशात हात घातला, तर बोटांना वर्कशॉपची किल्ली लागली. सहाला मुलांचं जेवण, त्याआधी परतायचं होतं. नाताळ काही फार लांब नव्हता. तिनं किल्ली बाहेर काढली नाही. दुसऱ्या खिशातून पाना काढला आणि गंजलेल्या पहिल्या बोल्टवर जोर लावला. तो हलला नाही. तिनं पाय रोवले आणि पुन्हा जोर लावला.